गबाळी इमर्जर: नागपुरात बसून ट्राउटच्या फ्लाय बांधणाऱ्यांसाठी

फुटाळ्याचा_बगळा

राम राम मंडळी.

फ्लाय, म्हणजे हुकाला दोरा-पिसं बांधून केलेली खोटी माशी. ती बांधण्यावर इथं अधूनमधून बोलणं होतं, पण सगळं घोडं कोरड्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायपाशीच अडतं. ताठ पंख, गोल हॅकल (म्हणजे गोल गुंडाळलेलं पीस), फोटोत सुरेख. आज इमर्जरबद्दल, म्हणजे पाण्यातून बाहेर पडणाऱ्या किड्याची नक्कल करणाऱ्या फ्लायबद्दल लिहितो, त्यातही गबाळ्या इमर्जरबद्दल. ट्राउट या गार पाण्यातल्या माशासाठी एकच फ्लाय खिशात ठेवायची वेळ आली तर मी हीच ठेवीन.

आधी किडा समजून घेऊ. मेफ्लायचं पिल्लू, म्हणजे निंफ, नदीतल्या दगडांखाली वाढतं. पंख फुटायची वेळ आली की ते वर येतं, पृष्ठभागाला खालून टेकतं, पाठीवर कात उलते आणि आतून पंखवाला किडा बाहेर पडतो. पाण्याचा पृष्ठभाग आपल्याला काहीच वाटत नाही, पण एवढ्याशा जिवाला तो ताणलेला पडदा असतो. तो फोडायचा, कात मागं सोडायची, पंख मोकळे करायचे आणि मगच उडायचं. मे महिन्यात घामानं चिकटलेला बनियन काढताना दोन्ही हात वर अडकतात ना, नेमक्या त्या अवस्थेत हा किडा काही क्षण सापडलेला असतो. धड पळता येत नाही, धड बुडता येत नाही. ट्राउटला हे पक्कं ठाऊक असतं. पंख वाळलेली माशी ऐन वेळी उडून जाईल, हा मात्र कुठं जात नाही.

नदीवर ओळखायचं कसं? मासा वर आला की नीट बघा. नुसती पाठ आणि मागून शेपटीचा शेंडा दिसला, तोंड दिसलंच नाही आणि पाण्यावर बुडबुडा राहिला नाही, तर तो पृष्ठभागाच्या जरा खालचं खातोय. वरची माशी ओढताना माशाच्या तोंडात हवाही जाते, ती कल्ल्यांतून सुटते आणि मागं बुडबुडा राहतो. पाठ दिसतेय आणि बुडबुडा नाही, अशा वेळी सुंदर कोरड्या फ्लाय टाकत बसलं की संध्याकाळ वाया.

म्हणून इमर्जर अशी बांधायची की पंख पडद्याच्या वर आणि धड खाली लोंबतं. याचा सगळ्यांना माहीत असलेला नमुना म्हणजे क्लिंकहॅमर. हान्स फान क्लिंकेन या डच गळवाल्यानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या ग्लोमा नदीवर तो घडवला, तोही मुळात ग्रेलिंग माशासाठी. वाकडा हुक, वर पांढरा खुंट, त्याभोवती आडवं फिरवलेलं हॅकल, आणि पोट सगळं पाण्यात. माझी फ्लाय याच घराण्यातली, पण आणखी गबाळी आणि बांधायला सोपी.

हुक वाकड्या पाठीचा, १४ नंबर, बारीक तारेचा. (नंबर वाढला की हुक लहान होतो. नवीन मंडळी इथं हमखास गोंधळतात.) दोरा ऑलिव्ह किंवा तपकिरी, ७० डेनिअर (हे दोऱ्याच्या जाडीचं माप). दोरा हुकाच्या डोळ्यामागून सुरू करून वाकणापर्यंत न्या, वाकण उतरायला लागलं की थांबा. तिथं कातेसाठी अँट्रॉन या चमकदार कृत्रिम धाग्याचे फिकट तपकिरी चार-सहा तंतू बांधा, लांबी धडाच्या निम्मी. झुपका करू नका. कात रिकामी असते, तिच्यातून आरपार दिसलं पाहिजे.

त्याच जागी तांब्याची अगदी बारीक तार अडकवून ठेवा. आता लव. सशाच्या कानाजवळची लव यासाठी नावाजलेली, कारण तिच्यात मऊ आणि राठ असे दोन्ही केस एकत्र असतात. मऊ केस दोऱ्याला धरून राहतात, राठ केस पायांसारखे बाहेर येतात. दोऱ्याला मेण लावा, लव चिमटीत घ्या, मग त्यातली निम्मी परत ठेवा. उरलेली एकाच दिशेनं पिळा. मागं-पुढं पिळलं की एकदा बसलेली लव दुसऱ्यांदा सुटते. धड शेपटीकडं अगदी सडपातळ ठेवा, पुढं जरा भरत न्या, आणि डोळ्याच्या मागं हुकाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी जागा मोकळी सोडा. तारेचे चार-पाच वेढे उलट्या दिशेनं द्या, म्हणजे ते लवेत बुडत नाहीत.

पंखाला सीडीसी, म्हणजे बदकाच्या शेपटीच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथीभोवतीची मऊ पिसं. दोन पिसं एकत्र धरा, शेंडे जुळवा, डोळ्यामागं पुढं झुकलेली बांधा आणि मग दोऱ्याचे दोन-तीन वेढे पिसांच्या पुढून देऊन त्यांना उभं करा. पंखाच्या बुडाशी पुन्हा लव, या वेळी राठ केस जास्त घेऊन. हा छातीचा भाग. गाठ मारा, दोरा कापा.

आता खरं काम. आईस्क्रीमच्या काडीला वेल्क्रोचा खरबरीत तुकडा चिकटवलेला माझ्याकडं कायम असतो. त्यानं छातीखालचे केस ओढून बाहेर काढा. खालचे आणि बाजूचे, वरचे नाही. उजेडासमोर धरली की मधला दोरा दिसला पाहिजे आणि भोवती केसांची पुसट कड दिसली पाहिजे. टेबलावर ही फ्लाय टाकाऊ वाटते. पाण्यात तेच केस हलतात आणि त्यांना हवेचे बारके थेंब चिकटतात.

शंका विचारा. नागपुरात काय मिळतं, काय नाही, तेही लिहितो.

तर्री_पोहे

भाऊ, सेहेचाळीस डिग्रीत तुम्ही माशा बांधून राहिले? इथं फुकटच्या माशा घरात येऊन राहिल्या, त्याच पकडा ना.

बरं मजाक सोडा. फुटाळ्यात लागन काय ट्राउट?

फुटाळ्याचा_बगळा

नाही लागणार, भाऊ. ट्राउटला साधारण १० ते १८ अंशांचं पाणी मानवतं. वीसच्या वर गेलं की तो खाणं सोडतो, पंचविसाच्या आसपास जिवावर बेततं. गार पाण्यात विरघळलेला प्राणवायू जास्त असतो आणि त्याला तो लागतो. विदर्भातलं कुठलंच तळं त्याच्या कामाचं नाही. आपल्यासाठी दोनच दिशा. वर काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, नाहीतर खाली निलगिरी आणि मुन्नार. मूळचा तो तिथलाही नव्हेच. काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास इंग्रजांनी तपकिरी ट्राउटची अंडी आणून सोडली, पुढं तो हिमाचलात गेला. बियास खोऱ्यात पतलीकुहल आणि ऊहल नदीवर बरोट इथं सरकारी ट्राउट केंद्रं आहेत.

बांधायचं काम मात्र कुठंही होतं. उलट नागपुरात उन्हाळाभर दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते, हातांना काम हवंच.

कोरडी_माशी

लेख चांगला, पण मूळ मुद्द्यालाच माझा विरोध आहे.

'गबाळी' या नावाखाली लोक वाट्टेल ते बांधतात. मी काश्मीरमध्ये बऱ्यापैकी मासेमारी केली आहे. तिथल्या झऱ्यांवर पाणी काचेसारखं आणि संथ असतं, मासा फ्लायला पुरेसा वेळ घेऊन न्याहाळतो. तिथं केसाळ गोळा टाकला की मासा वर येतो, बघतो आणि खाली जातो. तिथं चालते ती बारीक, नेटकी फ्लाय. रिम चुंग यांची कोलोरॅडोतली आरएस-२ बघा, १९७० च्या दशकातली. दोन तंतूंची शेपटी, चिमूटभर लव, छोटासा पंख, संपलं. प्रमाण चुकलं की फ्लाय चुकली.

दुसरं, इमर्जरला तांब्याची तार कशाला? तरंगवायची आहे ना ती?

फुटाळ्याचा_बगळा

>> केसाळ गोळा टाकला की मासा वर येतो, बघतो आणि खाली जातो

गोळ्याच्या विरोधात मीही आहे. गबाळी म्हणजे जाडी नव्हे. म्हणून तर चिमटीतली निम्मी लव परत ठेवायला सांगितलं. धड आरएस-२ इतकंच सडपातळ, फक्त त्याची कड फिसकटलेली. निंफच्या पोटाला दोन्ही बाजूंनी कल्ले असतात, पाय सुटे असतात, कात अर्धवट निघालेली असते. खरा किडा त्या क्षणी नेटका कुठं असतो? गुळगुळीत धडाला बाहेरून एकच रेघ असते. फिसकटलेल्या धडाला माशाच्या नजरेत पक्की कडच राहत नाही, म्हणून त्याला खोट शोधायला जागा कमी मिळते. हे माझं मत.

झऱ्याच्या संथ पाण्याबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. तिथं १८-२० नंबर आणि दोनच केस बाहेर. माझा बहुतेक संबंध हिमाचलातल्या तीर्थन नदीशी, तिथं पाणी दगडांवरून उड्या मारत येतं. माशाला क्षणभर वेळ मिळतो आणि त्या क्षणात त्याला 'काहीतरी जिवंत आहे' एवढंच दिसायला हवं.

तारेचं असं की ती शेपटीचं टोक खाली ओढते. पंख वर, पोट खाली हा कोन आपोआप मिळतो. चार वेढ्यांचं वजन दोन सीडीसी पिसं सहज पेलतात.

कोरडी_माशी

कोन वाकड्या हुकानंच मिळतो. तारेऐवजी दोऱ्याचाच वेढा द्या, चालतं. १६ नंबरच्या खाली तार म्हणजे फ्लाय बुडालीच.

जलकीटक

दोघांच्या मध्ये पडतो. शिकवायचा विषयच हा असल्यामुळं राहवत नाही.

बगळेभाऊंनी मेफ्लायचं सांगितलं ते बरोबर, पण तिन्ही मुख्य किड्यांची तऱ्हा वेगळी आहे. मेफ्लाय पंख फुटल्यावरही आणखी एकदा कात टाकते. पंख आल्यावर कात टाकणारा आजचा हा एकच कीटकगण. पाण्यातून निघालेली मळकट पंखांची ती 'डन', आणि दुसरी कात टाकून काचेसारख्या पंखांची झालेली ती 'स्पिनर'. कॅडिस या पतंगासारख्या किड्याचं गणित निराळं, तिला मध्ये कोषावस्था असते आणि कोषातून सुटलेली प्यूपा झपाट्यानं वर पोहते. गॅरी लाफाँटेन या अमेरिकन गळवाल्यानं पाण्यात बुडी मारून हा प्रवास जवळून पाहिला आणि ती चकाकी आणण्यासाठी अँट्रॉनचा सैल फुगा धडाभोवती बांधला. तिसरी चिलटं, म्हणजे कायरोनोमिड. ती अगदी बारीक, तिथं कोरडी_माशी म्हणतात तसं सडपातळच हवं.

आता नागपूरकरांसाठी फुकट प्रयोगशाळा सांगतो: कूलरची टाकी. डासाचं प्यूपा स्वल्पविरामासारखं वाकडं असतं. डोक्याकडचा जाड भाग पृष्ठभागाला टेकलेला, पोट खाली वळलेलं. टाकीतलं पाणी प्यूपांसकट काचेच्या बरणीत घ्या, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा आणि टेबलावर ठेवा. उन्हाळ्यात दोनेक दिवसांत ते फुटतं. आधी वाकडं शरीर सरळ होतं, मग पाठीवर फट पडते, छाती वर येते, पाय एकेक करून सुटतात आणि डास आपल्याच कातेवर उभा राहतो. काही मिनिटांचा खेळ आहे. भिंगातून पाहिलात की कात कुठं चमकते, पंखांची गुंडाळी कशी असते, आणि त्या वेळी धड पाण्याशी कोणता कोन करतं, सगळं दिसतं. वाकडा हुक का, याचं उत्तर तिथंच आहे. तार की दोरा हा वाद मात्र तुमचा तुम्ही मिटवा.

पाहून झालं की बरणीत साबणाचं पाणी ओता. डेंगीचा डास मुख्यतः साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी कराच.

तर्री_पोहे

सर, आता मी टाकी साफ करत नाही. घरी सांगतो, संशोधन चालू आहे म्हणून.

जलकीटक

शेवटचं वाक्य वाचा, भाऊ.

सुईदोरा

दादा, मी मासे पकडत नाही, पण आरीकाम करते, त्यामुळं धागे-तंतू वाचून इकडं वळले. दोन गोष्टी सांगते.

अँट्रॉन मिळत नसेल तर भरतकामाच्या चमकदार धाग्याचा एक पदर उलगडून वापरा. त्यात रेयॉन आणि पॉलिस्टर असे दोन प्रकार येतात, दिसायला सारखेच. रेयॉन ओला झाला की त्याचा दम जातो, पॉलिस्टर तसाच राहतो. ओळखायचं असेल तर तंतू ओला करून ओढा, रेयॉन पटकन तुटतो. इतवारी-गांधीबागेत दोन्ही मिळतात, दुकानदाराला आधीच विचारून घ्या.

दुसरं, तरंगण्याबद्दल. बाजारात 'नायलॉनची दोरी' म्हणून विकतात ती पुष्कळदा पॉलिप्रॉपिलिन असते. बादलीत तुकडा टाकून बघा. पॉलिप्रॉपिलिन पाण्यापेक्षा हलकं, घनता ०.९ च्या आसपास, ते कितीही दाबलं तरी वर येतं. नायलॉन १.१४, पॉलिस्टर १.३८, दोन्ही तळाला जातात. (तुकडा आधी साबणाच्या पाण्यात भिजवून चोळा, नाहीतर अडकलेल्या हवेमुळं सगळंच तरंगतं.) म्हणजे कातेला पॉलिस्टर आणि पंखाला पॉलिप्रॉपिलिन, असं जमेल का?

फुटाळ्याचा_बगळा

ताई, जमेल कसलं, अगदी हेच हवं होतं. पांढरी दोरी पिंजून पंखाचा खुंट केला तर क्लिंकहॅमर होते. सीडीसी पाण्यात हलते, दोरीचा पंख तेवढा हलत नाही, पण खळाळत्या पाण्यात तो दहा मासे झाले तरी तरंगतो. तीर्थनच्या वरच्या अंगाला दोरीचा पंख, खालच्या संथ डोहात सीडीसी, असं मी ठेवीन.

बाकी साहित्याची नागपुरी व्यवस्था सांगतो.

तांब्याची तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं. ३८ ते ४० नंबरची मागा. त्याच्या दुकानातला झाडून टाकलेला चुरा आपल्याला वर्षभर पुरतो, बहुतेक जण पैसेही घेत नाहीत. इनॅमलमुळं तार काळी पडत नाही आणि तांबूस, तपकिरी अशा छटा मिळतात.

हॅकल किंवा पायांसाठी देशी कोंबडीच्या मानेची पिसं. इथल्या कोंबड्याचं पीस कोरड्या फ्लायला मऊ पडतं, इमर्जरला तेच हवं. पिसं कोमट साबणपाण्यात धुवा, सावलीत वाळवा, पिशवीत घालून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग डांबरगोळीसोबत डब्यात. फ्रीजरचा टप्पा टाळला तर पिसांतली कीड बाकी सगळा डबा खाते.

वार्निशऐवजी पारदर्शक नेलपॉलिश. उन्हाळ्यात घट्ट होतं, थेंबभर ॲसिटोन घाला.

आणि कूलर बंद करा! समोरून वारा आला की सीडीसीची पिसं शेजारच्या खोलीत सापडतात, आणि कूलरच्या दमट हवेत लव दोऱ्याला बसण्याऐवजी बोटाला बसते. कूलर बंद केला की घामानं बोट ओलं. मी सकाळी सहाच्या आत बांधतो.

हुकाला मात्र इथं पर्याय नाही. गळाच्या दुकानातले हुक जाड तारेचे, आमिषासाठी केलेले. ते पंखासकट खाली जातात. बारीक तारेचे हुक बाहेरून मागवावेच लागतात.

वैनगंगेकाठचा

लव कुठून आणता भाऊ? आमच्या इकडं कुणाकुणाकडं रानसशाचं कातडं असते जुनं. सांभराचे केस, मोराची पिसं, साळिंदराचे काटे, सगळं जत्रेत मिळते. चालन काय?

वनवाटसरू

मध्ये बोलतो, कारण हे विचारून बरं केलंत.

रानससा, चितळ, सांबर, साळिंदर, सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. कातडं जुनं असो, केस चार असोत, बाळगणं आणि विकणं दोन्ही गुन्हा. मुंगसाच्या केसांच्या रंगाच्या ब्रशवर धाडी पडतात त्या याच कायद्याखाली. मोराचं पीस गळून पडलेलं असेल तर देशात बाळगायला हरकत नाही, पण देशाबाहेर न्यायला बंदी. राखाडी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांना तर परदेशी फ्लायवाल्यांकडून इतकी मागणी होती की त्यांची निर्यात बंद करावी लागली.

दुकानदार काहीही सांगो, पंचनाम्याच्या वेळी तो शेजारी उभा नसतो. आणि पेंच प्रकल्पाच्या हद्दीत 'फ्लाय तपासायला' म्हणून कुणी गळ टाकायचा विचारही करू नका.

फुटाळ्याचा_बगळा

शंभर टक्के. माझ्याकडं रानातलं एकही पीस नाही.

लवेला पाळीव ससा आणि पाळीव कुत्रा. अंगोरा किंवा साध्या पांढऱ्या सशाची विंचरून निघालेली लव मऊ असते. राठ केसांसाठी लॅब्रडॉर. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याची आतली लव गळते तेव्हा ओळखीतल्या कुत्रेवाल्याला ब्रशमधली लव जपून ठेवायला सांगा. तपकिरी लॅब्रडॉरचे वरचे केस बारीक कातरून सशाच्या लवेत हातानं मिसळले की सशाच्या कानाला तोड मिळते. मिसळ बरणीत पाणी आणि दोन थेंब शाम्पू घालून हलवा, गाळा, वाळवा. एकजीव होते. काळा आणि बदामी असे दोन लॅब्रडॉर ओळखीचे असले की रंगाची चिंता मिटली.

तर्री_पोहे

आमच्याकडं गावठी कुत्रा आहे. मोत्या. त्याची लव चालन का? फोटो टाकू?

फुटाळ्याचा_बगळा

गावठीला आतली लव कमी, पण मानेमागचे राठ केस छातीला एकदम झकास. मोत्याला विचारून घ्या.

वैनगंगेकाठचा

बरं, सगळं कायद्यात बसवू.

मी तुमच्यासारखा फ्लायवाला नाही, पण भावाच्या पोरानं हिमाचलातून एक हलकी छडी आणली, ती घेऊन कन्हानवर बसतो. तुमच्या पद्धतीनं १६ नंबरची बांधली, दोरीचा पंख. संध्याकाळी पाणी थांबल्यासारखं असते तिथं चिलव्याचे थवे वर असतात. थेट खाल्ली राजेहो! बोटाएवढा मासा, पण धडाधड. कोरडी टाकली तर टोचा मारून सोडून देतात.

एक अडचण आहे. दोन-चार मासे झाले की फ्लाय पूर्ण बुडते. तेल लावून पाहिलं, अजून बिघडली.

फुटाळ्याचा_बगळा

तेल कुठं लावलं, त्यात सगळं आलं. धडाला तेल लागलं तर धड तरंगतं, मग ती इमर्जर राहतच नाही, पाण्यावर आडवी पडते. नुसत्या पंखाला लावायचं. धड उलट थुंकीनं किंवा पाण्यात दाबून आधीच ओलं करायचं, म्हणजे पहिल्याच फेकीला ते खाली जातं.

सीडीसी असेल तर तिला पातळ तेल, जेल काही लावू नका. तिचे तंतू हवा धरून तरंगवतात, जेलनं ते एकमेकांना चिकटतात. मासा सुटला की फ्लाय पाण्यात खळखळून धुवा, म्हणजे चिकटा जातो. मग रुमालात दाबा, तोंडानं फुंकर मारा, हवेत दोन-तीन कोरड्या फेकी. तरी नाही उभी राहिली तर सिलिका जेलच्या दाण्यांच्या डबीत टाकून हलवा. बुटांच्या खोक्यात पुड्या येतात त्या चालतात.

चिलव्यावर तालीम करताय ही फार चांगली गोष्ट आहे. त्यांचं तोंड लहान आणि घाई जास्त, त्यामुळं छडी उचलायची वेळ हाताला कळते. फक्त हुकाच्या टोकामागची उलटी काटी पक्कडीनं दाबून घ्या, सोडायला सोपं जातं.

कोरडी_माशी

एक विचारायचं राहिलं. तीर्थनच्या खळाळात ही बारकी, निम्मी बुडालेली फ्लाय तुम्हाला दिसते तरी कशी? मला संध्याकाळी १४ नंबरची पांढऱ्या पंखाची दिसत नाही.

फुटाळ्याचा_बगळा

दिसत नाही. दिसावी म्हणून धडपडतही नाही. पुढं १२ नंबरची झुपकेदार कोरडी फ्लाय बांधतो, तिच्या हुकाच्या वाकणाला वीतभर ५एक्स नायलॉन (हा जाडीचा नंबर, वाढला की नायलॉन बारीक) आणि त्याला इमर्जर. कोरडी थांबली, तिरकी झाली किंवा गडप झाली की छडी उचलायची. काही मासे पुढचीच घेतात, त्यांनाही नाही म्हणत नाही.

आणि एक. फेकीच्या शेवटी फ्लाय खाली वाहत गेली, दोर ताणला, की लगेच उचलू नका. ताणामुळं ती हळूहळू वर यायला लागते, तीच खऱ्या किड्याची चाल. बरेच मासे तिथंच लागतात, आपलं लक्ष दुसरीकडं असताना.

खरं सांगायचं तर भर खळाळात मासा एवढा चिकित्सक नसतोच, तिथं कुठलीही फ्लाय चालते. इमर्जरचं काम डोहाच्या शेपटाला, जिथं पाणी पसरतं आणि मंद होतं, आणि ऊन डोंगरामागं गेल्यावर. ही तासाभराची संधी.

कोरडी_माशी

हे मान्य. पुढची फ्लाय ठेवून मीही करतो, फक्त ५ ऐवजी ६एक्स. तार मात्र मी लावणार नाही.

फुटाळ्याचा_बगळा

नका लावू. मासा मिळाला की फोटो टाका, तार मी मनातल्या मनात लावून घेईन.

वैनगंगेकाठचा

तीर्थनला जायचं तर कधी? परवाना कुठं निघते?

फुटाळ्याचा_बगळा

हिमाचलात ट्राउटची बंदी १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर, अंडी घालायचा काळ म्हणून. मार्च-एप्रिल उत्तम. मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी गढूळ आणि मोठं होतं, पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर पुन्हा छान, पाणी निवळ आणि गर्दी कमी. दिल्लीहून मनालीच्या बसनं औटला उतरायचं, तिथून लारजीवरून बंजारकडं फाटा, पुढं गुशैणी. परवाना राज्याच्या मत्स्य विभागाचा, तो घेतल्याशिवाय पाण्यात पाय ठेवू नका. किती मासे ठेवता येतात, केवढ्या मापाचे, ते त्यावरच असतं. नदीच्या वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे, तिथले नियम वेगळे, तेही आधी विचारून घ्या.

सुईदोरा

दादा, भावाकडून दोन हुक घेतले आणि बसले. आरीच्या लाकडी चौकटीलाच चिमटा लावून हुक धरला. दोरीचा पंख, पॉलिस्टरची कात, लव शेजारच्या बदामी लॅब्रडॉरची. जरा जास्तच नेटकी झाली आहे असं भाऊ म्हणतो. केस ओढायचे तर पीळच सुटेल अशी भीती वाटते.

फुटाळ्याचा_बगळा

ताई, तुमचा हात सराईत आहे, म्हणून पीळ घट्ट बसला. दोन उपाय. मेण कमी लावा, म्हणजे राठ केस आपण होऊन बाहेर राहतील. नाहीतर दोऱ्याचा दुपदरी फास करा, लव त्यात आडवी ठेवा आणि फास गरगर फिरवा. मग ती दोन दोऱ्यांच्या मध्ये धरली जाते आणि वेल्क्रोनं कितीही ओढली तरी सुटत नाही. आरीच्या कामात जरीचा पीळ धरता, तितकाच ताण ठेवा.

सुईदोरा

फास केला. आता सुटत नाही. रंग कुठला घेऊ पुढच्याला?

फुटाळ्याचा_बगळा

आधी ऑलिव्ह, १४ आणि १६ मध्ये. मग सशाचा नैसर्गिक तपकिरी. काळी फक्त १८ ची, चिलटांसाठी, आणि तिला केस ओढू नका. एवढ्या तीन झाल्या की भावाला म्हणावं, आता परवान्याचे पैसे तू भर.

तर्री_पोहे

मोत्या तयार नाही झाला. चावला. दुसऱ्या कुणाच्या लॅब्रडॉरचा पत्ता द्या भाऊ, धरमपेठकडं असन तर बरं.